थोरली कोणती, धाकटी कोणती

तिला सगळे गवती म्हणत. घराबाहेर तिचं खरं नाव वीजखात्याच्या ऑफिसातल्या मुकादमाला तेवढं माहीत होतं, आणि तोसुद्धा ते कधी वापरत नसे. उन्हाळा लागला की तिच्या टोपीच्या पट्ट्यात, कानाच्या वर, दोन-चार हिरवी पाती खोचलेली असायची. दुकानात जावो, दवाखान्यात जावो, पाती तशीच. लोक हसायचे आणि ती ते हसण्यावारी न्यायची. तिच्या वडिलांना मात्र त्या नावाचा मनस्वी राग होता.

"गवत म्हणे गवत," अण्णा चिडायचे. "अरे, गवताचा दांडा गोल असतो, आतून पोकळ, आणि मध्ये मध्ये गाठी. हे लव्हाळं आहे. दांडा तीन कडांचा, आतून भरीव, गाठ एक नाही. गवत गुरं खातात. हे माणसं खातं."

शेवटचं वाक्य ते गमतीने म्हणायचे आणि ऐकणाराही हसायचा. असल्या गोष्टींवर हसता आलं नाही तर त्या गावात दिवस काढणं कठीण होतं.

गाव म्हणजे तरी काय, तर दलदलीच्या काठाला लागून लाकडी घरांच्या दोन ओळी, मध्ये फळ्या टाकलेला रस्ता, एका टोकाला दवाखाना आणि दुसऱ्या टोकाला वीजखात्याचं पत्र्याचं ऑफिस. ऑफिसच्या मागून तार निघायची आणि खांबाखांबावरून दलदल ओलांडत पलीकडच्या पंपघराकडे जायची. हिवाळ्यात सगळं गोठलेलं. तेव्हा नाकासमोर चालत जा, काही अडचण नाही. उन्हाळ्यात वरचा थर वितळला की मात्र दलदल दर वर्षी नवी व्हायची. गेल्या वर्षी जिथे बसून चहा प्यायला तिथे यंदा डबकं. आणि तार मेली नेमकी उन्हाळी वादळांतच तुटायची. ती जोडायला लाइनमन जायचे, बहुतेक वेळा धुक्यात, पाठीवर सामानाचं ओझं घेऊन. त्यांच्यासाठी उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाट आखून ठेवावी लागे. पक्क्या जमिनीवर लाल फडकं बांधलेल्या काठ्या, एकीपासून दुसरी दिसेल अशा बेताने लावलेल्या. लाइनमनने काठीवरून काठीकडे चालत राहायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. या काठ्या लावायचं काम अण्णांचं. आधी एकट्या अण्णांचं, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर अण्णांचं आणि गवतीचं.

कुणी म्हणेल, जमीन पक्की आहे की नाही हे काठी खुपसून कळत नाही का? कळतं, पण आजच्यापुरतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळीकडे खाली बर्फच असतो. कुठेही खुपसा, काठी टणकन लागते. पण एका जागी तो बर्फ उन्हाळाभर टिकतो, आणि शेजारच्याच जागी तो हळूहळू विरघळून वर नुसती मुळांची गादी पाण्यावर तरंगत राहते. खाली माणूस बुडेल एवढं पाणी, त्याच्याही खाली चिखल. वरून बघाल तर दोन्ही जागा सारख्याच हिरव्यागार. पुढे कुठे काय होणार हे सांगतं ते तिथे उगवलेलं लव्हाळं, दुसरं कुणी नाही. आणि इथेच गोम आहे, कारण लव्हाळी दोन जातींची. एक पक्क्या उंचवट्यावर राहणारी, तिला गावात थोरली म्हणत. दुसरी पाण्यात पाय सोडून बसणारी, ती धाकटी. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी. तीच उंची, तोच रंग, वाऱ्यावर मान टाकायची तीच तऱ्हा.

थोरलीच्या दांड्याच्या तिन्ही कडा धारदार असतात, वरून खाली बोट ओढलं की खरखरतात. धाकटीच्या कडा बोथट. थोरलीचा दांडा वाकवला तर वाकतो, धाकटीचा कट्कन मोडतो. पान तोडून वाळू दिलं तर थोरलीच्या पानाच्या कडा मागच्या अंगाला वळतात आणि धाकटीच्या पुढच्या, आतल्या अंगाला. कणसं धरली की आणखी एक खूण मिळते. कणसांच्या बुडाशी जे पान असतं ते थोरलीचं आखूड राहतं, धाकटीचं कणसाच्या डोक्यावरून वर जातं. पण तोवर काठ्या लावून कधीच्याच झालेल्या असतात. शिवाय झाडं काही शाळेत शिकलेली नसतात. ओल्यातली एखादी थोरली मऊ पडते, कोरड्यातली एखादी धाकटी ताठून उभी राहते, काही ठिकाणी दोघी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून उगवतात. तिथे एका दांड्यावर भरवसा ठेवून चालत नाही. वाकून वाकून कंबर धरेपर्यंत तपासत राहावं लागतं.

अण्णा हे डोळे मिटून करायचे. अक्षरशः डोळे मिटून. खाली बसायचे, दांडा बोटात धरायचे, एकदाच वरून खाली बोट ओढायचे आणि "थोरली" म्हणून काठी ठोकायचे. पान वाळायची वाट बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. "ते नवशिक्याचं काम," म्हणायचे. गवतीने मात्र तेच धरलं होतं. तिची बोटं काही वाईट नव्हती, पण तिचा स्वभावच संशयी. दांडा बघून झाला तरी ती पान तोडून टोपीत खोचायची, पुढच्या काठीपर्यंत चालत जायची, तोवर पान सुकायला लागायचं, मग ते काढून कडा कुठे वळल्या ते बघायची. अण्णा तिच्यावर तोंडसुख घ्यायचे. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

पहिली शंका तिला आली ती शेगडीपाशी. अण्णांनी उकळत्या किटलीचं झाकण चिमटीत धरून उचललं, बाजूला ठेवलं आणि आपले बोलत राहिले. चिमटीला फोड आला तो दुसऱ्या दिवशी तिनेच दाखवला. उभा जन्म गार पाण्यात हात घातलेल्यांची बोटं म्हातारपणी अशी बधिर होतात, गावाला हे नवीन नव्हतं. पण ती अण्णांची बोटं होती.

त्याच उन्हाळ्यात, एका उंचवट्यावर अण्णांनी नेहमीसारखे डोळे मिटले, बोट ओढलं, "थोरली" म्हणाले आणि काठी ठोकली. पुढच्या काठीपाशी पोचल्यावर गवतीने टोपीतलं पान काढलं. कडा आतल्या अंगाला वळल्या होत्या. तिने ते पान चुरगळून खाली टाकलं. संध्याकाळी, उजेड असतानाच, दुकानात जाते असं सांगून ती बाहेर पडली, परत गेली, ती काठी उपटली आणि डाव्या हाताला खऱ्या थोरलीच्या पट्ट्यावर नेऊन ठोकली.

इथे तिला बोल लावणं सोपं आहे. मीही लावतो. पण ज्यांच्यावर आपल्या बापाला असं काही सांगायची वेळ कधी आलेली नाही, त्यांनी जरा दमानं घ्यावं. आई लवकर गेली होती. अण्णांनी तिला एकहाती वाढवलं, स्वयंपाक करून, वेण्या घालून, दलदलीत खांद्यावर बसवून. गावात त्यांना किंमत होती ती त्या बोटांची. ती काढून घेतली तर म्हाताऱ्याजवळ उरलं काय असतं, दोन दुखरे गुडघे? एका काठीसाठी त्यांचं नाक कापायचं तिच्या जिवावर आलं. मग दुसरी काठी चुकली, मग आणखी काही. दर वेळी तिला दुकानात काहीतरी आणायचं असायचं.

नवऱ्याला तिने सांगितलं. तो लाइनमन होता आणि इतका उंच की त्याचं नावच शिडी पडलं होतं. मुकादम म्हणायचा, याला खांबावर चढायला वेळ लागत नाही, हा नुसता टाचा वर करतो. ऐकून तो आधी हसला आणि मग उठून बसला.

"सांगून टाक त्यांना," तो म्हणाला.

"कसं सांगू? तू सांगतोस?"

अण्णांचा आणि त्याचा जीव एकमेकांवर. त्याला आईबाप नव्हते, यांना मुलगा नव्हता, दोघांनी एकमेकांत ती सोय करून घेतली होती. रात्रीचं जेवण झाल्यावर पत्ते खेळताना अण्णा उघडउघड लबाडी करायचे आणि हा बघूनही हरायचा.

"पुढच्या वर्षी सांगते," गवती म्हणाली. "गुडघ्यांचं निमित्त करून काम माझ्याकडे घेते. त्यांना कळणारपण नाही."

"मला काय," तो म्हणाला, "मी सासऱ्याच्या काठ्यांवर चाललो काय आणि बायकोच्या काठ्यांवर चाललो काय. तुझ्या असल्या तर उलट बरंच. मात्र एकही सोडू नकोस हं बघायची."

तिने एकही सोडली नाही. गोष्ट झाकून ठेवायची म्हणून दोघांनी अण्णांचं कौतुक जरा जास्तच चालवलं. ऑफिसात चहाच्या वेळी शिडी सगळ्यांसमोर पैजा लावायचा, की आणा कुठलाही दांडा, आमचे सासरे डोळ्याला फडकं बांधून ओळखतील. कुणी काही आणायचं नाही, नुसते हसायचे. गवती वर म्हणायची की अण्णांच्या बोटांसारखी बोटं सगळ्या खात्यात नाहीत. अण्णा खाली बघून कपात फुंकर मारत बसायचे. तिला वाटायचं, संकोचले.

पुढचं वर्ष आलं. गुडघ्यांचं निमित्त तिने काढून पाहिलं, तर अण्णा असे उखडले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग तोही उन्हाळा मागच्यासारखाच गेला. ते ठोकत गेले, ती मागून हलवत गेली. त्यातली एक काठी तारेच्या वळणाजवळची होती. अण्णांनी ती एका छान फुगलेल्या, हिरव्या उंचवट्यावर लावली होती. गवतीला तिथे तिन्ही बाजूंनी धाकटी सापडली. तिने काठी बरीच आत, दगडांजवळच्या थोरलीत नेऊन लावली आणि दोनदा मागे वळून बघितलं.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा एके दिवशी अण्णा घरी आले ते गुडघ्यापर्यंत भिजून. गमबुटात पाणी, विजारीला चिखल.

"कुठे गेला होतात?"

"कुठे नाही. ऑफिसमागच्या चरात पाय गेला."

"तुम्हाला किती वेळा सांगितलंय, एकट्याने भटकायचं नाही म्हणून. हातपाय मोडून घ्यायचेत का या वयात? मग मी काम करू का तुमचं हगणं-मुतणं काढू?"

असं ती बोलली. अण्णांनी निमूटपणे कपडे बदलले, सूप प्यायलं आणि लवकर झोपले. शिडी तिला म्हणाला, किती गं तोंड टाकतेस म्हाताऱ्यावर. त्या रात्री वादळ झालं आणि तार तुटली.

सकाळी शिडी आणि त्याचा जोडीदार निघाले. हा जोडीदार गोलमटोल, सावध माणूस, कायम मागून चालणारा. धुकं होतं. गवतीने डबा बांधून दिला, त्याने वास घेऊन नाक मुरडलं, तिने त्याला चापट मारली. रोजचंच होतं. तो गेला तेव्हा ती दारात थांबलीसुद्धा नाही, कारण शेगडीवर दूध होतं.

दुपार व्हायच्या आत जोडीदार एकटाच परत आला. छातीपर्यंत चिखल, बोटांच्या नखांतून रक्त. ऑफिसच्या पायरीवर बसला. मग त्याने सांगितलं. वळणाजवळच्या काठीपाशी जमीन जराशी हलल्यासारखी वाटली, म्हणून तो शिडीला म्हणाला की आपण थांबूया. शिडीही थांबला. काठीकडे बघितलं, तिचं फडकं नीट केलं आणि म्हणाला, "ही जिने लावली ना..." जोडीदार इथे अडला. "नाही, ही ज्याने लावली त्याला मी ओळखतो, असं काहीतरी म्हणाला. चल, म्हणाला. आणि पाऊल टाकलं." दुसऱ्या पावलाला तो कमरेपर्यंत गेला. जोडीदार पालथा पडला, खांद्यावरचा बांबू पुढे केला, शिडीने तो धरलाही. पण जिकडे जोर लावावा तिकडची गादी फाटत होती. उंच माणूस, अंगावर तारेचं वेटोळं, ते काढायला हात मोकळे करावेत तर बांबू सुटतो. "शेवटी त्यानेच सोडला बांबू," जोडीदार म्हणाला. "मी पण आत ओढला जात होतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी गळ टाकून त्याला काढला. गवतीला बघू नको म्हणाले, तिने बघितलं. त्याच्या तोंडात, नाकात, सगळीकडे लव्हाळ्याची मुळं होती. तिने ती एकेक करून काढली. मदतीला आलेल्या नर्सला तिने हात लावू दिला नाही.

मग मुकादम घरी आला, चौकशी करायला. बिचारा खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्याला अण्णांविषयी आदर होता आणि विचारायला तोंड नव्हतं. पण अण्णांनीच सुरुवात केली.

"ती काठी माझ्याच जागेवर होती, मुकादम. छातीवर हात ठेवून सांगतो. कुणीतरी मधे हलवली होती. मी आदल्या दिवशी मुद्दाम गेलो होतो बघायला, तेव्हा सापडली मला, दगडांपाशी, भलतीकडेच. मी उपटून परत नीट लावली. हिला सांगितलं नाही, ही ओरडते म्हणून."

गवती दारात उभी होती. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय हे त्या गावात सगळ्यांना पायांनी माहीत होतं, पण तिला ते घराच्या पक्क्या फळ्यांवर कळलं. तिने चौकट धरली.

"कोण हलवणार?" मुकादम म्हणाला.

"पंपघराकडची टवाळ पोरं असतील. नाहीतर वाऱ्याने पडली असेल आणि कुणीतरी कुठेही खोचली असेल. ते सोडा. पण जमीन अशी कशी गेली? माझ्या काठीखालची जमीन आजवर गेली नाही."

मुकादमाने मान हलवली. त्याने आपल्यापुरता निकाल लावला की यंदाचा उन्हाळाच विचित्र, बर्फ भलतीकडे वितळला, यात कुणाचा दोष नाही. उठताना तो अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या वर्षीही काठ्या तुम्हीच लावायच्या. मनाला लावून घेऊ नका." गवतीने तेव्हा बोलायला हवं होतं. तिचं तोंड उघडलं नाही. नवऱ्याला जमिनीत ठेवून तिला आठवडाही झाला नव्हता, आणि बापाला त्याच्याशेजारी ढकलण्याची ताकद तिच्यात नव्हती.

हिवाळा आला आणि लांबला. घरात दोन माणसं, आणि पत्ते कपाटावर. अण्णा एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा बोलायचे. दुकानात बोलायचे, दवाखान्यात बोलायचे, तिच्याशी तर रोज. "काठीपाशी थांबला होता तो. जमीन हलतेय हे कळत होतं त्याला. तरी म्हणाला, ज्याने लावली त्याला मी ओळखतो. जावई नव्हता गं, लेक होता माझा. मरताना माझ्यावर भरवसा ठेवून गेला." मग रडायचे. रडून झालं की त्यांना जरा बरं वाटायचं, चेहऱ्यावरून कळायचं. गवती मूग गिळून बसायची. कधीकधी तिला त्यांचा इतका संताप यायचा की ती अंगणात जाऊन नुसतीच लाकडं फोडायची, गरज नसताना. आणि परत आल्यावर त्यांना गरम पाणी द्यायची.

बर्फ उतरू लागला तशी मुकादमाने काठ्यांची मोळी घरी पाठवली. अण्णांनी गमबूट बाहेर काढले, फडक्याने पुसले, पायात घालून बघितले. समोरच्या घरात शिडीच्या जागेवर आलेला नवा लाइनमन राहायला आला होता. त्याची बायको पोटुशी होती. ती खिडकीतून गवतीला हात करायची. गवतीनेही त्या सकाळी हात केला. मग ती तशीच उठली, दलदलीच्या काठापर्यंत गेली, गेल्या वर्षीचे उभे असलेले दोन दांडे उपटले आणि घरी येऊन अण्णांच्या हातात दिले.

"अण्णा, यातली थोरली कोणती, धाकटी कोणती?"

अण्णांनी दांडे घेतले. डोळे मिटले नाहीत की बोट ओढलं नाही. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि दांडे टेबलावर ठेवून दिले.

"मला नाही कळत," ते म्हणाले.

तिला वाटलं होतं ते चिडतील, चुकतील, भांडतील. त्या सगळ्याची तयारी तिने केली होती. याची नव्हती.

"कधीपासून?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं. बोटांत काहीच येत नाही. डोळ्यांनी बघावं तर जवळचं सगळं धूसर."

"मग काठ्या कशा लावत होतात?"

"आठवणीने. कुठे कोण उगवते ते सगळं पाठ आहे मला. डोळे मिटायचो ते तुम्हाला दाखवायला."

दलदल दर वर्षी नवी होते, हे तिला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. ते तिने बोलून दाखवलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. दोनदा अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही दोघं तिकडे सगळ्यांसमोर माझी एवढी वाहवा करायचात. तो पैजा लावायचा. म्हटलं, आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि कुणी बुडत नव्हतं गं. दोन्ही उन्हाळे माणसं नीट जाऊन येत होती. मला वाटलं, म्हणजे माझी आठवण बरोबर आहे. बोटं नसली तरी चालतंय."

गवतीला बसावं लागलं. आता थांबली असती तर पुन्हा कधी बोलली नसती, म्हणून ती एका दमात बोलली. "ती काठी मी हलवली होती, अण्णा. दगडांपाशी. तिथे थोरली होती, तुम्ही लावली होती तिथे धाकटी होती. आणि तीच एक नाही. दोन्ही उन्हाळे तुमच्या चुकलेल्या सगळ्या काठ्या मी मागून हलवत होते."

अण्णांना ते पोचायला वेळ लागला. ते तिच्याकडे नाही, तिच्या बाजूला कुठेतरी बघत होते. रस्त्यावरच्या फळ्यांवरून कुणीतरी हातगाडी नेत होतं, ती पार दवाखान्यापर्यंत गेली.

"त्याला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे काठीपाशी थांबून तो जे म्हणाला, ते..."

"माझ्याबद्दल म्हणाला."

हिवाळाभर त्या एका वाक्यावर म्हातारा जगला होता. ते आपण काढून घेतोय हे तिला बोलतानाच कळत होतं. पण खोटं बोलायचं तिला आता जमेना.

"तुझ्या भरवशावर गेला तो," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते नुसतं समजून घेत होते.

"हो."

"आणि काठी माझी होती."

"हो, अण्णा."

शेवटी अण्णाच उठले. मुकादमाकडे जाऊन येतो म्हणाले, स्वतःच्या तोंडाने सांगतो. तिने सोबत येऊ का विचारलं तर नको म्हणाले, आणि मग म्हणाले, ये. त्यांनी गमबूट काढून ठेवले आणि बाहेर जायचे बूट पायात घातले. नाडी बांधायला ते कितीतरी वेळ वाकून उभे होते, टोकं काही त्यांच्या बोटांना सापडत नव्हती. तेव्हा गवतीने खाली बसून ती बांधून दिली.